गाडीचे शेपूट का हलते?

मोसंबीचे कॅरेट भरून अंबडहून जालन्याच्या मोंढ्याकडे निघालेली पिकअप सरळ रस्त्याने गुमान चालते. पण वळण आले, किंवा समोरच्या ट्रकला वाट देताना चाक डांबराखाली उतरले, की मागचा भाग एकदा इकडे नि एकदा तिकडे झोलतो. ड्रायव्हर म्हणतो, माल जास्त झाला. मालक म्हणतो, टायर गेले. आमच्या गाडीला आम्हीही दोन नवे टायर घातले. शेपूट हलायचे ते हललेच. परतताना त्याच गाडीत बायकामुले बसलेली, म्हणून जीव टांगणीला. अखेर दोष निघाला तो मुठीत मावणाऱ्या रबरी बुशात.

बंधूंनो, पिकअप-जीपचा मागचा एक्सल चासीला पाट्यांनीच बांधलेला असतो. पाट्याचे पुढचे टोक एका जागी अडकवलेले, मागचे मात्र शॅकलच्या झोपाळ्यावर. कारण वजनाने पाटा सपाट होतो तसा तो लांबतो, त्या लांबीला जागा हवी. दोन्ही टोकांच्या डोळ्यांत बुश असतात. ते झिजले की एका बाजूचे चाक सूत-दोन सूत पुढे-मागे सरकते, एक्सल तिरका होतो आणि मागची चाके आपल्याच मताने गाडी वळवू लागतात. बैलगाडीचा आख जागेवर घट्ट नसला तर बैल कितीही सरळ चालोत, चाकोरी वाकडीच पडते. तोच हा प्रकार. कित्येक कारना मागे पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग असतात. तेथे एक्सल धरण्याचे काम लोखंडी दांड्या करतात, पण त्यांच्या टोकांनाही असेच बुश असतात.

तपासणी घरीच होते. रिकामी गाडी सपाट जागी लावून चाकांना दगड लावावेत आणि डोळ्यापाशी पहार घालून हलकेच उचकटून पाहावे. रबर फाटून बाहेर आले असेल, बोल्टाभोवती तांबूस भुकटी दिसली, तर बुश गेले समजा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र कोणीही शिरू नये.

जादा पाटा घालण्याची टूम आपल्याकडे फार. त्याने गाडी उचलते खरी, पण बुश ढिले असतील तर झोल जात नाही, आणि रिकामी गाडी उड्या मारते ती वेगळीच. पॉलियुरेथेनचे कडक बुशही मिळतात. ते वळणावर गाडी घट्ट धरतात, पण धक्काही तसाच वर पोचवतात. शेताच्या गाडवाटेने जाणाऱ्याला चांगल्या प्रतीचे रबरी बुशच बरे, असे माझे मत. ते दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत. शॅकलच्या पिनेला खाच पडली असेल तर पीनही बदला. नाहीतर नवा बुश टिकणार नाही.

बुश बसत नसेल तर साबणाचे पाणी वापरावे. डिझेल वा ग्रीसने रबर फुगते. आणि फिटरजवळ स्वतः उभे राहा. चाके जमिनीला टेकून वजन पाट्यांवर आले, की मगच हे बोल्ट शेवटचे आवळायचे. गाडी अधांतरी असताना आवळले, तर ती खाली येताच रबर पिळले जाते आणि लवकर फाटते. यू-बोल्ट सोडले असतील, तर मालाच्या पहिल्या फेरीनंतर त्यांचे नट पुन्हा आवळून पाहावेत.