फिटची गोळी आणि रात्रीचे पाणी



ऊस विकास खात्याच्या माणसाने फिटवर कशाला लिहावे, असे कोणी म्हणेल. पण कागल, राधानगरी, भुदरगडच्या गावांतून लागणीच्या नोंदी घेत फिरताना उसाबरोबर घरचे दुखणेही कानावर येते.

मागे एका सभासदाच्या मुलाचे असे झाले. दोन वर्षे गोळ्या चालू होत्या, फिट एकदाही नाही. सोयरीक जमली आणि गोळ्या कुणाच्या नजरेस पडू नयेत म्हणून त्या बंद केल्या. महिन्याच्या आत रात्री उसाला पाणी पाजताना पाटातच फिट आली. शेजारच्या वाटेकऱ्याने बॅटरीच्या उजेडात पाहिले म्हणून पोरगा वाचला. लोक म्हणाले, बाहेरचं झालं. मी म्हणतो, गोळी सुटली आणि झोप मोडली, एवढंच झालं.

मेंदूचे काम बारीक विजेवर चालते. ती वीज एकाएकी भडकली की फिट येते. कुणाचे सारे अंग झटके देते, कुणाचा एकच हात उडतो. एखादे पोर शाळेत काही क्षण नुसते टक लावून बघत राहते. मास्तरांना वाटते, लक्ष नाही. ही सगळी फिटच.

फिट आली तर माणसाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली टॉवेल द्यावा. हातपाय दाबू नयेत, तोंडात चमचा किंवा पाणी घालू नये. कांदा, चप्पल हुंगवून काही होत नाही. पाच मिनिटांत थांबली नाही, तर गाडी काढून थेट दवाखाना गाठावा.

योग्य औषधाने दहातल्या सुमारे सात जणांची फिट आटोक्यात येते. फिनोबार्बिटोन १९१२ पासून आणि फेनिटॉइन १९३८ पासून वापरात आहे. नवी औषधेही पुष्कळ आली. पण खताचा हप्ता चुकला तर टनेज घटते, इथे गोळी चुकली तर जीव जातो. निदान दोन वर्षे फिट आली नाही, तर पुढे गोळी कमी करायची की नाही ते डॉक्टर ठरवतील, तीही हळूहळू. बाईमाणसाने दिवस राहण्याआधीच डॉक्टरांना विचारावे. आपल्या मनाने गोळी सोडू नये.

राहिला लग्नाचा प्रश्न. हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली घातलेला अपस्माराचा अडसर १९९९ साली काढून टाकला. कायद्याने सोडले, आपण अजून धरून बसलो आहोत. सोयरिकीत उघड सांगावे आणि ऐकणाऱ्यानेही तेवढ्यावर उठून जाऊ नये.

माझे स्पष्ट मत असे : अशा माणसाला घरी बसवू नका, फक्त काम बदलून द्या. विहिरीचा काठ, ट्रॅक्टर, कडबाकुट्टी आणि गुऱ्हाळाची काहील नको. लाईट रात्रीची असेल त्या आठवड्यात पाण्याची पाळी भावाने घ्यावी. टोळीत कुणी असेल, तर मुकादमाने त्याच्या गोळ्या संपण्याआधी आणाव्यात.

पाळी बदलली म्हणून ऊस वाळत नाही.

आपला,
ऊस विकास अधिकारी, बिद्री