करवली हवी, पाठराखीणही हवी

भेडाघाटच्या चौसष्ट योगिनी मंदिरात मधोमध नंदीवर आरूढ झालेले शिव-पार्वती आहेत आणि त्यांच्या सभोवार, गोलाकार ओवऱ्यांमध्ये, योगिनींच्या मूर्ती. कलचुरींच्या काळातील, सुमारे दहाव्या शतकातील ही वास्तू. जोडप्याभोवतीचे असे स्त्रियांचे कडे आजच्या लग्नातही दिसते. त्यात आता नवरीच्या मैत्रिणी असतात. जबलपूरजवळच्या या नर्मदाकाठासारख्या निसर्गरम्य स्थळी दोन-तीन दिवसांचे लग्न ठरले, की शुक्रवारची मेंदी, शनिवारची हळद आणि संगीत, रविवारचा मुहूर्त या प्रत्येक प्रसंगाचा भार त्याच उचलतात. एकसारखे पोशाख, नाचाची तालीम, प्रवासाचे तिकीट आणि कार्यालयातली रजा यांचा खर्चही बहुधा ज्याचा त्यालाच सोसावा लागतो.

या लग्नांना आता अर्थकारणाचे पाठबळ आहे. श्रीमंत कुटुंबांनी परदेशाऐवजी देशातच लग्ने करावीत, असे आवाहन पंतप्रधानांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘मन की बात’मधून केले. स्थानिकांना रोजगार मिळत असेल तर त्याला हरकत घेण्याचे कारण नाही. मात्र लग्नाकडे पर्यटनाचे उत्पादन म्हणून पाहताना, तिथे जमलेली माणसे नेमकी कशासाठी जमली आहेत, हा प्रश्न मागे पडतो. मैत्रीण ही छायाचित्राची शोभा आहे की विवाहाची साक्षीदार?

मराठी लग्नव्यवस्थेने यासाठी दोन वेगळे शब्द दिले. वधूवरांच्या मागे कऱ्हा घेऊन उभी राहते ती करवली. नव्या नवरीबरोबर सासरी जाते ती पाठराखीण. पहिलीचे काम सोहळ्यापुरते, दुसरीचे खरे काम सोहळा संपल्यावर सुरू होते. २५ डिसेंबर १८७३ रोजी झालेल्या पहिल्या सत्यशोधक विवाहातील वधू राधा ही सावित्रीबाई फुले यांच्या मैत्रिणीची मुलगी होती, आणि त्या लग्नाचा खर्च सावित्रीबाईंनी केला. पुरोहिताविना लग्न लावणे हे धाडस होते. त्या वेळी मैत्रीचा अर्थ सजावट असा नव्हता, जबाबदारी असा होता. आजच्या सोहळ्यांत करवल्या वाढल्या, पाठराखीण मात्र हरवली.

तिची गरज संपलेली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्क्यांनी मदत मागितली. ७७ टक्के स्त्रियांनी मदतही मागितली नाही आणि कोणाजवळ शब्दही काढला नाही. माहेरी सांगितले तर आई-वडिलांना त्रास होईल आणि पोलिसांत गेले तर संसार मोडेल, या दोन भीतींच्या मध्ये जी व्यक्ती उरते ती बहुधा मैत्रीणच असते.

कायद्याने तिला जागा दिली आहे, हे फारसे कोणाला ठाऊक नाही. हुंडा प्रतिबंधक कायद्याखालील १९८५ च्या नियमांनुसार वधू आणि वर यांना मिळालेल्या भेटवस्तूंची यादी लेखी करायची असते. वस्तूचे वर्णन, अंदाजे किंमत आणि देणाऱ्याचे नाव त्यात लिहायचे असते. वधूची इच्छा असल्यास लग्नाला उपस्थित असलेल्या कोणाचीही सही ती या यादीवर घेऊ शकते. दुसरी जागा विवाह नोंदणीची. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात तीन साक्षीदारांच्या सह्या आवश्यक आहेत. सर्व धर्मीयांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये दिला. तिसरी जागा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याच्या (२००५) चौथ्या कलमात आहे. हिंसा घडली आहे, घडत आहे किंवा घडण्याची शक्यता आहे असे सकारण वाटल्यास कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते, आणि सद्हेतूने कळवणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही.

मंगलप्रसंगी हुंड्याची आणि हिंसेची भाषा कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. त्याला उत्तर इतकेच, की विम्याच्या कागदावर सही करताना कोणी अपघाताची इच्छा धरत नाही. घरच्यांच्या देखत जे काम अवघड, ते वधूने विश्वासाने निवडलेल्या मैत्रिणीकडून सहज होऊ शकते. अर्थात यात मैत्रिणीवर सक्ती नको. तिचा प्रवासखर्च आधीच पुष्कळ झालेला असतो.

सक्ती करायचीच तर ती व्यवस्थेवर करावी. परगावी झालेल्या लग्नात वऱ्हाड सोमवारी पांगते आणि नोंदणीसाठी साक्षीदार पुन्हा गोळा करणे कठीण होते. लग्नपर्यटनाला उत्तेजन देणाऱ्या राज्यांनी म्हणूनच लग्नस्थळीच नोंदणीची सोय द्यावी. नोंदणीच्या अर्जासोबत भेटवस्तूंच्या यादीचा नमुना आणि जिल्ह्यातील संरक्षण अधिकाऱ्याचा संपर्क द्यावा. यासाठी नवा कायदा करावा लागत नाही, एक परिपत्रक पुरेसे आहे.

आणि मैत्रिणींनीही संगीताच्या तालमींमधून अर्धा तास काढून ती यादी लिहावी, तिची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी. पोशाखाचा उपयोग एका संध्याकाळपुरता असतो. सहीचा उपयोग कधी होईल ते सांगता येत नाही.