म्हणे अधिकचं चिन्ह चालत नाही!

गेल्या शनिवारी रात्री साडेदहाला बाबांच्या मेडिक्लेमचा हप्ता भरायला बसलो. शेवटची तारीख होती. (हो, माहितीये, आईही हेच म्हणाली.) कंपनीने साइट नवी केलेली. ईमेलचा रकाना भरला आणि खाली लाल अक्षरं उमटली, 'कृपया वैध ईमेल पत्ता द्या.'

आता माझा पत्ता असा: नाव, मग + हे चिन्ह, मग मेडिक्लेम, मग @ आणि जीमेल. जीमेलमध्ये + च्या पुढे काहीही लिहिलं तरी पत्र मूळ इनबॉक्समध्येच येतं. मी प्रत्येक साइटला वेगळं शेपूट जोडून देतो, म्हणजे उद्या कोणी माझा पत्ता विकला तर चोर कोण ते कळतं. ह्याच पत्त्यावर ह्याच कंपनीने तीन वर्षं पावत्या पाठवल्यात. कस्टमर केअरला फोन लावला. बाई अगदी शांतपणे म्हणाल्या, "सर, ईमेलमध्ये अधिकचं चिन्ह नसतंच." पत्ता बदलायचा तर आधी लॉगिन करा, आणि लॉगिन करायचं तर तोच पत्ता टाका! शेवटी ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट बंद करून लॉगिन केलं. तपासणी फक्त ब्राउझरमध्ये होती, सर्व्हरची काही हरकत नव्हती. मग जावास्क्रिप्ट चालू करून पैसे भरले. अकरा पन्नासला पावती आली. कुठे? त्याच + वाल्या पत्त्यावर.

बाबांना जावास्क्रिप्ट बंद करता येत नाही. ते एकटे असते तर मुदत टळली असती, तीही कोणीतरी नेटवरून उचललेल्या एका ओळीपायी.

ती ओळ म्हणजे रेगेक्स. आणि मंडळी, हे पाप मीही केलंय. पहिल्या नोकरीत रजिस्ट्रेशनचा फॉर्म माझ्याकडे आला. सर्च केलं, पहिला रेगेक्स कॉपी-पेस्ट केला, स्वतःचा पत्ता टाकून पाहिला, चालला, चहा प्यायला गेलो. त्यात शेवटच्या डॉटनंतर दोन ते चार अक्षरं अशी अट होती. डॉट म्युझियम हे सहा अक्षरी डोमेन २००१ पासून आहे, २०१३ नंतर तर अशा लांबलचक नावांचा पूरच आला. काही महिन्यांनी एका फोटोग्राफरची तक्रार आली, त्याचं डोमेन डॉट फोटोग्राफी. मी तिकिटावर 'वापरकर्त्याची चूक' असं लिहून ते बंद केलं. अजून आठवतं.

बरं, नियम काय म्हणतो? आरएफसी ५३२२ प्रमाणे @ च्या डावीकडे + चालतो, अपॉस्ट्रॉफी चालतो, उद्गारचिन्ह, प्रश्नचिन्ह, टक्का, महिरपी कंससुद्धा चालतात. सगळं अवतरणात टाकलं तर स्पेसही चालते. आणि आरएफसी ५३२१ तर बजावतं, की डावीकडच्या भागाचा अर्थ लावायचा हक्क फक्त उजवीकडच्या डोमेनच्या सर्व्हरचा आहे. म्हणजे तुमच्या-माझ्या फॉर्मचा नाही!

'मग पूर्ण नियमाचा रेगेक्स लिहू' म्हणणारे हुशार प्रत्येक टीममध्ये एक असतातच. १९८२ च्या आरएफसी ८२२ मध्ये पत्त्यात कंसात टिप्पणी लिहिता येते, त्या कंसात आणखी कंस, कितीही खोल. जोडीचे कंस रेग्युलर एक्स्प्रेशनला मोजता येत नाहीत, हे थिअरी ऑफ कॉम्प्युटेशनच्या पेपरात लिहून आपण मार्क घेतलेत. पर्लमधला एक प्रसिद्ध रेगेक्स सहा हजारांहून जास्त अक्षरांचा आहे, आणि ते मोड्यूलही आधी टिप्पण्या काढून टाकतं, मगच तो लावतं.

आणि एवढं करून मिळतं काय? जीमेलच्या स्पेलिंगात ए आणि आय ची अदलाबदल करा, कुठलाही रेगेक्स खुशाल पास करेल. 'सदाशिव पेठ, पुणे ३०' हे लिहायला बरोबरच आहे हो, पण तिथे त्या नावाचा माणूस राहतो का? ते पत्र टाकल्यावरच कळणार. म्हणजे चुकीचा पत्ता सुटतो आणि बरोबर पत्त्याचा माणूस दारातून परत जातो.

सिक्युरिटीचं कारण तर मला सांगूच नका. एसक्यूएल इंजेक्शन पॅरामीटराइज्ड क्वेरीने थांबतं, अपॉस्ट्रॉफीवर बंदी घालून नाही. नवी ओळ पत्त्यात घुसू देऊ नका, हेडरमध्ये गडबड होते, एवढं खरं. उलट गुंतागुंतीचा रेगेक्सच धोका असतो. २ जुलै २०१९ ला क्लाउडफ्लेअरची सेवा जगभर कोलमडली ती एका रेगेक्सने सीपीयू खाल्ला म्हणून.

सगळ्यात जास्त राग येतो तो इथे: डॉट भारत हे देवनागरी डोमेन २०१४ पासून मिळतं. @ च्या दोन्ही बाजूंना देवनागरी असलेला पत्ता चालावा म्हणून आरएफसी ६५३१ हे २०१२ पासून आहे. आणि पुण्या-मुंबईत बसून आपणच फॉर्ममध्ये ए ते झेड लिहितो! साहेबाने दार उघडलं, कडी आपण लावली.

काय करायचं ते फार थोडं आहे. पुढेमागे आलेल्या स्पेस काढा. @ आहे का, त्याच्या दोन्ही बाजूंना काही आहे का, लांबी अवाढव्य नाही ना, एवढं बघा. स्पेलिंग चुकल्यासारखं वाटलं तर विचारा, अडवू नका. मग त्या पत्त्यावर एक लिंक पाठवा. लिंक बनवताना + नीट एन्कोड करा, नाहीतर वाटेत त्याची स्पेस होते. (माझ्या निम्म्या अनसबस्क्राइब लिंक 'हा पत्ता आमच्या यादीत नाही' म्हणतात, आणि दर सोमवारी मेल येतच राहते :-) )

कंपनीला हे सगळं सविस्तर लिहून कळवलंय. बुधवारी उत्तर आलं: 'कृपया ब्राउझरची कॅशे साफ करून पुन्हा प्रयत्न करा.'