उपनगरातला हीट पंप कोणी घ्यावा?

"हीट पंप ही बर्फाच्या देशातली वस्तू. मुंबईत तिचे काय काम?" मुलुंड-बोरिवलीकडच्या सोसायट्यांच्या सभेत गरम पाण्याचा विषय निघाला की हा आक्षेप पहिला येतो, आणि बहुतेकदा विषय तिथेच मिटतो. तो तिथे मिटू नये असे मला कळकळीने वाटते, कारण हा आक्षेप मुळातच उलटा आहे.

हीट पंप उष्णता तयार करत नाही. बाहेरच्या हवेत आधीच असलेली उष्णता उचलून तो पाण्यात नेऊन सोडतो. वीज लागते ती या ने-आणीपुरती. घरातला फ्रिज आणि एसी याच तत्त्वावर चालतात. हवा जितकी उबदार आणि पाणी जितके कमी तापवायचे, तितके कॉम्प्रेसरचे काम हलके. आता मुंबईची हवा पाहा. सांताक्रूझच्या नोंदींतला नीचांक 7.4 अंश आहे, 22 जानेवारी 1962 चा. युरोपात या यंत्रांची कार्यक्षमता ज्या प्रमाणित चाचणीवरून सांगतात, तीत बाहेरची हवा 7 अंशांची धरलेली असते. आपला विक्रमी गारठा म्हणजे या यंत्राच्या लेखी तिथला एक नेहमीचा दिवस.

दमटपणाची भीतीही अशीच. थंड कॉइलवर हवेतली वाफ पाणी होऊन बसते, तेव्हा ती स्वतःजवळची उष्णता यंत्रालाच देऊन जाते. थंड देशात हेच पाणी कॉइलवर गोठते आणि ते वितळवण्यासाठी यंत्राला मधूनमधून थांबावे लागते. इथे गोठण्याचा प्रश्नच नाही. ठिबकणारे पाणी वाहून नेणारी नळी तेवढी द्यावी लागते. वर्सोव्याच्या खाऱ्या वाऱ्यात कॉइलला गंजरोधक लेप मात्र आधीच मागून घ्यावा.

बरे, बर्फाच्या देशांतही हे यंत्र हरलेले नाही. झुरिचच्या नगरभवनाला 1938 पासून लिमात नदीच्या पाण्यातली उष्णता ओढून ऊब दिली गेली. नॉर्वेत आज दहांपैकी सुमारे सहा घरांत हीट पंप आहे. टोरंटोत घर घेतलेला आपला मुलगा फोनवर सल्ला विचारतो, तेव्हा त्याच्यापुढचे प्रश्न खरेच वेगळे असतात: उणे वीस अंशांत हे यंत्र किती उष्णता देईल, भिंती-खिडक्यांतून किती निसटेल, कडाक्याच्या आठवड्याला जोडीला दुसरी सोय कोणती. घर गळके असेल तर आधी ते बुजवावे, हाच त्याला खरा सल्ला. घाटकोपरच्या माणसाने त्याची ही काळजी स्वतःच्या माथी मारून घेऊ नये.

"एक युनिट घालून तीन युनिटांची उष्णता निघते, हे थोतांड आहे," असा दुसरा पक्ष. वरची दोन युनिटे हवेतून आलेली असतात, त्यामुळे हिशेब चोख जुळतो. उलट आश्चर्य करावे ते गीझरचे. डहाणूसारख्या कोळशाच्या केंद्रात जाळलेल्या उष्णतेतला साधारण एक तृतीयांश भागच वीज होऊन बाहेर पडतो, आणि ती वीज आपण पुन्हा उष्णता करण्यासाठी खर्च करतो. हीट पंप वाटेत गेलेले ते दोन हिस्से बऱ्याच अंशी भरून काढतो.

गॅस गीझर त्याहून स्वस्त, असेही सांगितले जाते. बोरिवलीत 2020 च्या जानेवारीत गॅस गीझरमुळे साचलेल्या कार्बन मोनॉक्साइडने एका शाळकरी मुलीचा जीव गेला. बंद न्हाणीघरात ज्वाला पेटवण्याची स्वस्ताई मला मान्य नाही, आणि त्यावर वाद घालण्याचीही इच्छा नाही.

पण म्हणून घरोघरी हीट पंप बसवा, हे विक्रेत्यांचे म्हणणेही मी तितक्याच ठामपणे नाकारतो. वीस लिटरची बादली 25 वरून 40 अंशांवर न्यायला जेमतेम 0.35 युनिट लागते. चार माणसांच्या घरात टाकीतून झिरपणारी उष्णता आणि स्वयंपाकघरातले पाणी धरून दिवसाला दोन युनिटे. दहा रुपये दराने महिन्याला सहाशे. हीट पंपाने त्यातले चारशे वाचतील. उन्हाळ्याचे महिने वगळले तर वर्षाला तीन हजारांच्या आसपास. संच आणि नळजोडणीचे लाख रुपये धरले, तर ते फिटायला तीस वर्षे लागतील, आणि इतकी वर्षे कॉम्प्रेसर टिकणार नाही. शिवाय दोन खोल्यांच्या घरात तो ठेवणार कुठे? बंद जागेत तो स्वतःच सोडलेल्या थंड हवेत घुसमटतो, आणि ड्राय बाल्कनीत ठेवला तर शेजाऱ्याच्या पलंगाशी घुमत राहतो.

सारा निर्णय ठरतो तो रोज लागणाऱ्या गरम पाण्यावर. ज्या नर्सिंग होमला किंवा वसतिगृहाला दिवसाला दोन हजार लिटर पाणी 55 अंशांवर लागते, तिथे विजेच्या हीटरची सत्तर युनिटे हीट पंपाने तेवीस-चोवीसवर येतात. त्याच दराने वर्षाला दीड लाखाहून जास्त वाचतात. अंधेरीच्या हॉटेलांनी आणि व्यायामशाळांनी हे गणित आजच मांडावे.

आणि ऐंशी घरांच्या इमारतीने तर मांडावेच. जानेवारीतल्या सकाळी दोन किलोवॉटचे ऐंशी गीझर एकदम लागले तर 160 किलोवॉटचा भार पडतो. हेच काम गच्चीवरचे सामाईक यंत्र रात्रभरात किंवा दुपारच्या उबदार हवेत सावकाश उरकते. सामाईक योजनेवरचा सगळ्यात वजनदार आक्षेप लांब नळांचा आहे, आणि तो मी हलका मानत नाही. पंधराव्या मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर येईतो पाणी निवते. पण या गळतीपोटी तिसरा हिस्सा उष्णता जास्त धरली, तरी घरामागे दोन याप्रमाणे दिवसाच्या 160 युनिटांच्या जागी सत्तरएक लागतात. नळांना जाड आवरण द्यावे, पाणी फिरवणारा पंप सकाळ-संध्याकाळपुरता चालवावा, म्हणजे गळती आणखी घटते. टाकीतले पाणी जंतूंपासून राखण्यासाठी साठच्या आसपास तापवावे लागते, तेही गणितात धरावे. वाचलेल्या ऐंशी गीझरांची किंमत, प्रत्येकी आठ हजार धरली तरी, सहा लाखांच्या वर जाते. ती यंत्राच्या खर्चातून वजा करायला कमिट्या विसरतात.

सौर तापक चांगलाच, पण उंच इमारतीच्या गच्चीवर ऐंशी घरांना पुरतील इतक्या नळ्या मावत नाहीत, आणि जून ते सप्टेंबर आभाळ झाकलेले असते. जागा आहे तेवढे ऊन घ्यावे आणि उरलेले काम हीट पंपाकडे द्यावे.

राहत्या जुन्या इमारतीत हे करणे फार महाग पडते, कारण भिंती फोडून गरम पाण्याचे नळ नव्याने टाकावे लागतात. उपनगरांत आज पुनर्विकासाचे नकाशे निघत आहेत. सभासदांनी वाढीव चटईक्षेत्राइतकाच आग्रह या गोष्टीचाही धरावा. विकासकाशी करार होण्यापूर्वीच त्याच्या मसुद्यात गरम पाण्याच्या वेगळ्या नळाला डक्टमध्ये जागा, गच्चीवर मोकळ्या हवेचा कोपरा, ठिबकपाण्याचा निचरा, प्रत्येक घराला गरम पाण्याचे मीटर आणि देखभालीचा पाच वर्षांचा करार ही कलमे लिहून घ्यावीत.