जाणल्यावाचून जाणवत नाही

‘कला समजावी लागत नाही, ती केवळ भावावी लागते’ हे गोंडस वचन आपल्याकडे प्रतिष्ठा पावले आहे. ऐकण्यास मधुर, परिणामी घातक! घनसावंगी तालुक्यातील तीर्थपुरीसारख्या गावातून शालेय सहल वेरूळला जावी, मुलांनी कैलास लेण्यासमोर छायाचित्रे काढावीत आणि घटकाभरात परतावे, यात भावनेचा उदय तो कोणता?

आठव्या शतकात, राष्ट्रकूटांच्या काळी, हे मंदिर एकाच खडकातून शिखराकडून पायाकडे कोरले गेले. चुकून उडालेला टवका पुन्हा जोडण्याची सोय नव्हती. हे कळले की छिन्नीच्या प्रत्येक घावापुढे मन नम्र होते. दक्षिण बाजूच्या शिल्पात रावण कैलास हलवीत आहे. पार्वती भयाने शिवाला बिलगली आहे, दासी पळत सुटली आहे आणि शिव पायाच्या अंगठ्याने पर्वत दाबून शांत बसला आहे. कथा ठाऊक नसलेल्याला तेथे अनेक हातांचा एक पुरुष दिसेल. गर्वहरणाचे नाट्य दिसणार नाही.

यावर प्रश्न येतो, मग कीर्तनात निरक्षर वारकऱ्याचे डोळे कसे पाणावतात? उत्तर सोपे आहे. तो निरक्षर असेल, अज्ञानी नाही. बालपणापासूनच्या श्रवणाने कथा त्याच्या अंगी मुरलेली असते. काव्याच्या सतत अनुशीलनाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला तो ‘सहृदय’, असे अभिनवगुप्तांनी हजार वर्षांपूर्वी सांगितले. सहृदयता ही जन्मजात देणगी नव्हे, ती कमवावी लागते.

नुसत्या विस्मयाची मजल कोठवर जाते, हे अजिंठ्यात दिसते. १८१९ साली तेथे पोहोचलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने दहाव्या लेण्यातील चित्रावरच आपले नाव कोरले. विस्मय त्यालाही वाटलाच असेल. समोर काय आहे, हे मात्र त्याला ठाऊक नव्हते. आज भिंतींवर नावे खरडणारे हात आपल्याच मुलांचे असतात, तेव्हा दोष कोणाला द्यावा?

उपाय खर्चिक नाही. सहलीच्या आदल्या दिवशी गावातील कीर्तनकाराला वा जाणत्या आजीला शाळेत बोलवावे आणि मुलांना प्रश्न विचारू द्यावेत. कुतूहल घेऊन गेलेले मूल वेरूळहून रिकाम्या हाती परतणार नाही. वारसा आपला आहे, ही घोषणा पुरेशी नाही. तो आपल्याला कळला पाहिजे.