वेटोळ्यातला शॉर्ट
मध्य प्रदेशातल्या सौंसरवरून २०१५ पर्यंत छिंदवाडा-नागपूर नॅरोगेज धावली, अडीच फुटी रुळांवर. त्या देखण्या गाडीचं मॉडेल कुणी घरी टेबलावर मांडायला घेतलं, तर कमी जागेमुळे परतीचं वेटोळं येणारच. अडचण तिथेच आहे. वेटोळ्यातून परतताना डावा रूळ उजव्याला भिडतो आणि शॉर्टसर्किट होतं. म्हणून वेटोळ्याच्या दोन्ही टोकांना दोन्ही रूळ तोडायचे आणि मधला तुकडा सर्वांत लांब गाडीपेक्षाही लांब ठेवायचा. डीसीसी (डिजिटल कमांड कंट्रोल) पद्धतीत इंजिनाची दिशा रुळांच्या पोलॅरिटीवर ठरत नाही, त्यामुळे शॉर्ट ओळखणारं ऑटो-रिव्हर्सर सर्किट धावत्या गाडीखालीच पोलॅरिटी उलटवतं. त्यासाठी माझा कौल रिलेऐवजी पूर्ण इलेक्ट्रॉनिक सर्किटला. रिले हलायला काही मिलिसेकंद घेतो. तेवढ्यात आवाजाची चिप बसवलेलं इंजिन अडखळू शकतं. शिवाय ट्रिप करंट, म्हणजे ज्या करंटला पोलॅरिटी उलटते तो, आपल्याला बदलता येतो का, हे खरेदीआधी पाहाच. तो इंजिनांच्या नेहमीच्या भारापेक्षा जास्त हवा, पण रुळांना वीज पुरवणाऱ्या बूस्टरच्या मर्यादेपेक्षा कमी. नाहीतर पोलॅरिटी उलटण्याआधी बूस्टरच सगळा मांडलेला मार्ग बंद करून टाकेल.