पानाचा फोटो कातरा, रंगवू नका

खरिपात जळकोट भागातून आमच्याकडे सोयाबीनच्या पिवळ्या पानांचे फोटो मोबाइलवर येतात. फोटोत निम्मा बांध, वर आभाळ, कधी घरधन्याची चप्पलही. पान मात्र बोटाएवढे!

आता पान पिवळे पडण्याची कारणे वेगवेगळी. लोह कमी पडले तर कोवळ्या पानाच्या शिरा हिरव्या राहतात, मधला भाग पिवळा होतो. चुनखडीच्या जमिनीत हे नेहमीचेच. पिवळा मोझॅक असेल तर हिरव्या-पिवळ्या चट्ट्यांची सरमिसळ दिसते. तो विषाणू पांढरी माशी पसरवते. पहिल्याला हिराकसाची फवारणी, तर दुसऱ्यात रोगट झाडे उपटून माशीचा बंदोबस्त. ओळख चुकली की औषधाचा पैसा जातो आणि रोगही शेतभर पसरतो.

तेव्हा फोटो वीतभर अंतरावरून काढा. मोबाइल फार जवळ नेला की पान धूसर येते, आणि धूसर फोटो कितीही कातरला तरी स्पष्ट होत नाही. मग पानाभोवतीचा पसारा कातरून टाका. देठ आणि पानाच्या कडा मात्र राहू द्या. सावलीतला फोटो असेल तर थोडा उजेड वाढवला तरी चालेल. रंगाला हात लावू नका. घरातली मुले हौसेने पान हिरवेगार करून पाठवतात, आणि शिरांची नेमकी खूणच पुसली जाते.

कातरलेल्या फोटोबरोबर मूळ फोटोही पाठवा. अख्ख्या झाडाचा एक असावा, म्हणजे पिवळेपणा शेंड्याला आहे की खाली, ते कळते. पान उलटून एक घ्या. पांढरी माशी खालच्या बाजूलाच बसते.